आधी सुपाऱ्या, मग पोफळी

"कोकणात हॉटेल काढलंस, सुटलास बाबा!" असं म्हणणारा एक तरी माणूस मला दर महिन्याला भेटतो, आणि तो बहुतेक वेळा फुकट रूम मागायला आलेला असतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. हॉटेल म्हणजे दिवेआगरला आठ खोल्या, एक पडवी, एक स्वयंपाकघर आणि मागे वाडी. त्याआधी एकवीस वर्षं मी पुण्यात प्रोग्रॅम करायचो. प्रोग्रॅम म्हणजे ऑर्केस्ट्रा, भावगीतं, दिवाळी पहाट, कोजागिरी, मधेच नाटकाचे ठेके, जे मिळेल ते.

1995 साली मी कॉलेजात होतो आणि एका साउंडवाल्याकडे वायरी गुंडाळायला जायचो, रात्रीचे पन्नास रुपये आणि वडापाव. वायरी गुंडाळता गुंडाळता आर्टिस्टच्या ओळखी झाल्या, मग कोणाला गाडी बघून दे, कोणाला तबलजी बघून दे असं करत करत 99 साली टिळक स्मारकला स्वतःचा पहिला शो लावला. आमच्या धंद्यात शो दोन प्रकारचे. एक तिकिटाचा, त्यात तारीख तुमची, रिस्क तुमची, पाऊस पडला तर तोही तुमचाच. दुसरा सुपारीचा. मंडळ, पतसंस्था किंवा नगरसेवक एक आकडा देतो, त्यात आर्टिस्टची नाईट म्हणजे एका शोचं मानधन, साउंड, लाईट, गाड्या, जेवण सगळं बसवायचं, उरलं ते आपलं. गणपतीच्या दहा दिवसांत आठ सुपाऱ्या झाल्या की वर्षाचं भाडं निघायचं. तिकिटाचा शो हा खरं तर शौक होता, पण तो शौक आहे हे मला बायकोने सांगेपर्यंत कळलं नाही.

लोकांना वाटतं प्रोमोटर म्हणजे गायकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणारा. माझा निम्मा वेळ ऑफिसांच्या पायऱ्यांवर गेला. पोलिसांची परवानगी, नाट्यगृहाची तारीख, आणि तिकिटांची पुस्तकं घेऊन कलेक्टर कचेरीत करमणूक कर शाखेत शिक्के मारायला उभं राहायचं. 1 नोव्हेंबर 1996ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सनचा शो झाला आणि सरकारने त्याला करमणूक कर माफ केला, त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. पुढे पाचशे तिकिटांवर शिक्के घ्यायला रांगेत उभा असलो की मला हटकून ते आठवायचं. आणि रात्रीचे दहा! उघड्यावरचा शो असला की दहाला स्पीकर बंद, बारापर्यंतची सूट वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा. साडेसातला सुरू करायचा शो प्रमुख पाहुण्यांमुळे साडेआठला सुरू होणार, साडेनऊपर्यंत सत्कार चालणार, आणि गाणं रंगात आलं की स्टेजच्या कोपऱ्यात हवालदार घड्याळ दाखवत उभा. पब्लिक मला शिव्या देणार, हवालदार मला दम देणार, आणि आर्टिस्ट म्हणणार माझी चार गाणी राहिली पण नाईट पूर्ण द्या.

तरी मजा होती, खोटं कशाला बोलू. रविवारी सकाळी प्लॅन उघडायचा तेव्हाची मजा वेगळीच. प्लॅन म्हणजे नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा छापील नकाशा, खिडकीत बुकिंगवाले काका पेन्सिलने खुर्च्यांवर फुल्या मारणार आणि मी चहा पीत लांबून फुल्या मोजणार. मधल्या ब्लॉकच्या पहिल्या आठ रांगा दुपारपर्यंत काळ्या झाल्या की शो उचलला. नाही झाल्या की पास वाटायला सुरुवात. बँकेत, शाळेत, सोसायटीत पास वाटायचे, कारण रिकाम्या खुर्च्या बघून गायकाचा घसा बसतो आणि उरलेल्या पब्लिकचाही मूड जातो. पासला खर्च काही नाही, खुर्ची तशीही रिकामीच राहणार होती. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिने मला चांगलंच बुडवलंय.

शेवट झाला 2016 ला. 12 नोव्हेंबरला, शनिवारी, तिकिटाचा शो लावला होता, नाव मोठं, नाईट मोठी, आणि 6 तारखेला रविवारी प्लॅन उघडला. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर तिकिटं गेली, सगळी रोख. मंगळवारी रात्री आठला टीव्हीवर नोटबंदी जाहीर झाली, पाचशे-हजारच्या नोटा बंद, ते तुम्हाला माहितीय. बुधवारी सकाळी मी खिडकीवर गेलो तर ही रांग! मला क्षणभर वाटलं शो हाऊसफुल्ल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा बुधवारी रांग. जवळ जाऊन बघतो तर जो तो हजाराची नोट काढून 300ची दोन तिकिटं मागतोय आणि उरलेले चारशे सुट्टे द्या म्हणतोय. एका आजोबांना मी विचारलं, गायक कोण आहे माहितीय का, तर ते बोर्डाकडे बघून म्हणाले कोणी का असेना. खिडकी बंद करायला लावली. घरात कपाटात विक्रीचे नव्वद हजार होते, बहुतेक सगळे पाचशेच्या नोटांत, आणि गायकाच्या सेक्रेटरीचा फोन की बाकीची नाईट रोख पाहिजे आणि जुन्या नोटा चालणार नाहीत. शो केला मी, कॅन्सल नाही केला. निम्मं थिएटर रिकामं होतं आणि त्या दिवशी पास घ्यायलासुद्धा कोणी मिळेना, सगळे बँकेच्या रांगेत. एकूण खड्डा एक लाख ऐंशी हजारांचा. साउंडवाल्याचे पैसे मी मार्चपर्यंत हप्त्याने फेडले, तो जुना दोस्त होता म्हणून.

डिसेंबरात बायको म्हणाली चल, चार दिवस मामाकडे जाऊन येऊ, तू इथे बसून नुसता फोनकडे बघतोयस.

मामा म्हणजे तिचे मामा, दिवेआगरचे. तिथे 1997 साली एका पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, वाडीत खणताना पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि गावाचं नशीब पालटलं, दर्शनाला गाड्यांची रांग लागायला लागली, घराघरात लोकांनी खोल्या काढल्या आणि जेवणं सुरू केली. मामांनीही चार खोल्या काढल्या, मामी उकडीचे मोदक करायच्या. मग मार्च 2012 मध्ये देवळावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांना ठार मारलं आणि मूर्ती नेली. नंतर समुद्र तोच होता, वाळू तीच होती, पण गाड्या कमी झाल्या. आम्ही गेलो तेव्हा मामांच्या चार खोल्यांपैकी दोनमध्ये नारळ भरलेले होते.

तिसऱ्या दिवशी पडवीत बसून मामा म्हणाले, "काय हो जावईबापू, तुम्ही एवढ्या लोकांची उठबस करता, या चार खोल्या तुम्हाला जड आहेत का? आमच्या चिरंजीवांना पुणं सोडायचं नाही." मी हसलो. रात्री झोप लागली नाही. माझ्या डोक्यात एकच गणित, की रिकामी खुर्ची आणि रिकामी खोली एकच, रात्र गेली की दोन्ही गेल्या, पण खुर्ची विकायला मला तारीख मिळवावी लागते आणि इथे तारीख रोज आहे, तीसच्या तीस दिवस, कोणाच्या पाया न पडता.

रोज तारीख असणं किती भयानक असतं ते नंतर कळलं.

पहिलं वर्ष भाड्याने चालवलं, 2018 ला घर आणि वीस गुंठ्यांची वाडी विकत घेतली, पुण्यातला वन बीएचके विकून. घेतली म्हणजे बायकोने घेतली. कारण शेतजमीन घ्यायला तुम्ही आधी शेतकरी असावं लागतं आणि माझं नाव अख्ख्या महाराष्ट्रात कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, तिचं मात्र वडिलांच्या जमिनीत होतं. म्हणजे कागदावर मालक ती, मी मॅनेजर, आणि ही गोष्ट ती भांडणात बरोबर काढते. मामांच्या सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं, त्यातले एक वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही, एक बहीण बडोद्याला. वारस नोंद, हक्कसोड, फेरफार यात सात महिने गेले. तलाठी ऑफिसला मी इतक्या वेळा गेलो की करमणूक कर शाखेची आठवण येऊन डोळ्यात पाणी आलं. समुद्र जवळ म्हणून नवीन बांधकामाला सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांची, भानगड, त्यामुळे जुनं घर आणि गोठाच दुरुस्त करून खोल्या वाढवल्या. चार खोल्या होत्या तोवर एमटीडीसीच्या, म्हणजे सरकारी पर्यटन महामंडळाच्या, निवास न्याहरी योजनेत भागत होतं, वाढवल्यावर परवान्यांची भलीमोठी यादी आली. सगळ्यात स्वस्त निघालं ते फूड लायसन्स, छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपये, मी तीनदा विचारलं शंभरच का म्हणून.

आता सवयींबद्दल. पहिल्या सीझनला मी काय केलं, तर पुण्यात चाळीस फ्लेक्स लावले, शोला लावतो तसे. आणि पास वाटले! म्हणजे ओळखीच्या सगळ्यांना म्हटलं या रे, आपलंच आहे. आले. साउंडवाला आला सहकुटुंब, निवेदक आला, दोन नगरसेवक आले त्यांच्या पंधरा पोरांना घेऊन. खुर्चीवर फुकट बसलेला माणूस अडीच तासांनी उठून जातो. खोलीतला फुकट माणूस सकाळी गरम पाणी मागतो, नाश्त्याला घावन मागतो, दुपारी मोदक मागतो, आणि जाताना चादर वाळूने भरून ठेवतो. मार्चमध्ये बायकोने हिशोब मांडला तेव्हा कळलं की सगळ्यात गर्दीच्या सहा शनिवारांपैकी अडीच मी पासवर घालवले होते. तेव्हापासून फुकट रूम फक्त सासूबाईंना, त्यासुद्धा सोमवार ते गुरुवार.

हाऊसफुल्लचंही तसंच. शोला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला की मी त्याच्याशेजारी फोटो काढायचो. इथे एका शनिवारी माझी आणि मामींची बुकिंग एकाच खोलीवर पडली, मी फोनवर घेतलं होतं आणि त्यांनी कॅलेंडरवर लिहिलं होतं. रात्री साडेनऊला ताम्हिणीतून उलट्या करत आलेली दोन पोरं, त्यांची आई आणि आजी दारात उभ्या, आणि मी त्यांना काय सांगणार, हाऊसफुल्ल? आमची खोली दिली आणि आम्ही नवराबायको पडवीत झोपलो, डासांनी फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी मी जुन्या प्लॅनसारखा कागद आखला, उभ्या खोल्या आणि आडव्या तारखा, पेन्सिल आणि फुल्या. पुतण्या म्हणतो एक्सेलमध्ये कर. एक्सेलमध्येही आहे, पण खरं बुकिंग कागदावर फुली पडली की. मामींनाही तेच पटतं.

आणि एक मोठा फरक कोणी सांगितला नव्हता. शो पडला तर लोक शिव्या देत पार्किंगकडे जातात, पाठीमागे काय बोलले ते तुम्हाला ऐकू येत नाही. इथे ज्याला रात्री मच्छर चावले तो सकाळी सात वाजता चहाचा कप घेऊन तुमच्यासमोर येऊन बसतो. आणि दोन दिवस बसतो.

शनिवार-रविवार विकायला काही अक्कल लागत नाही. मे महिना, दिवाळी, 25 ते 31 डिसेंबर, आपोआप जातात. मंगळवार-बुधवारचं काय? ॲपवाले कमिशन कापून तेही शनिवारचंच गिऱ्हाईक देतात. इथे मात्र जुना धंदा कामाला आला. माझ्याकडे एकवीस वर्षांच्या वह्या होत्या, नाट्यगृहात कायम येणाऱ्या लोकांचे फोन नंबर, कारण शो जवळ आला की आम्ही एकेकाला फोन करायचो. हे सगळे आता रिटायर झालेले, त्यांना शनिवारची गर्दी नकोच असते. मी मंगळवारची बस काढली, पुण्यातून सकाळी सहाला, मामींचं जेवण, दुपारी झोप, संध्याकाळी रूपनारायणाचं देऊळ आणि समुद्र, रात्री पडवीत आमचा जुना कीबोर्डवाला आणि दोन गायिका, भावगीतं. पहिल्याच ट्रिपला बावीस जण. एक काकू म्हणाल्या, अहो तुमच्या शोला आम्ही कायम मागच्या रांगेत असायचो, आज पहिल्या रांगेत बसलोय. मला बरं वाटलं आणि तेवढ्यात त्यांनीच सांगितलं की संडासात बसता येत नाही, गुडघे. त्या पावसाळ्यात सहा खोल्यांमध्ये कमोड बसवले आणि भिंतीला धरायला दांडे. पहिल्या वर्षीच्या चाळीस फ्लेक्सपेक्षा या दांड्यांनी जास्त गिऱ्हाईक आणलं असेल.

पडवीतलं गाणं दहाला बंद, ते मीच करतो. परवा एका आयटीवाल्या ग्रुपने रात्री साडेदहाला कराओके लावला तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन मनगटावरचं घड्याळ दाखवत उभा राहिलो, आणि मला एकदम तो हवालदार आठवला. त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणायचं.

मग 2020. मार्चपासून खोल्या बंदच होत्या, त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. आदल्या दिवशी तहसीलकडून सूचना आल्या, आम्ही मामा-मामींना घेऊन मधल्या खोलीत बसलो. दुपारी वारा सुरू झाला तो नुसता वारा नव्हता. आधी कौलं गेली, मग नवीन खोल्यांचे पत्रे, आणि मग मागून आवाज यायला लागले, काड, काड, काड, एकामागून एक. मामा प्रत्येक आवाजाला मान हलवत होते. मला वाटलं घाबरलेत. ते मोजत होते. वाडीत अडीचशेच्या आसपास पोफळी होत्या, काही त्यांच्या वडिलांनी लावलेल्या. संध्याकाळी वारा पडल्यावर मागचं दार उघडलं तर दार अर्धंच उघडेना, बाहेर झाडांचा खच. मामा म्हणाले, "चाळीस राहिल्या असतील." नंतर मोजल्या तर त्रेचाळीस.

आणि पडवीतून समुद्र दिसत होता. त्या घरातून कधीच समुद्र दिसला नव्हता, फक्त ऐकू यायचा. मामी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, एवढा जवळ आहे होय.

वीज यायला महिन्यावर दिवस गेले. भरपाई आली ती हेक्टरच्या हिशोबाने, हेक्टरी 50 हजार. ऐकायला बरं वाटतं, पण इथल्या वाड्या गुंठ्यात असतात, वीस गुंठ्यांचे झाले दहा हजार, आणि पडलेली झाडं उचलायलाच त्याच्या तिप्पट गेले. घरात पैसे नव्हते. मी एकवीस वर्षांत शिकलेली एकच गोष्ट केली, फोन लावत सुटलो. वह्यांमधल्या रिटायर लोकांना म्हटलं पुढच्या वर्षीच्या मंगळवारचे पैसे आत्ता द्या, ॲडव्हान्स, पावती देतो, कधी उघडेन ते सांगता येत नाही. आर्टिस्टना आयुष्यभर ॲडव्हान्स देत आलो होतो, स्वतः पहिल्यांदा मागितला. एकसष्ट लोकांनी पाठवले. त्यातले दोघं नंतर कोविडमध्ये गेले, त्यांच्या घरी पैसे परत पाठवले तर एकांच्या मुलीने घेतले नाहीत, ती स्वतः येऊन राहून गेली.

जुलैमध्ये हॉटेलांना 33 टक्क्यांची परवानगी मिळाली, पण जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, मग कोण येणार. खरी सुरुवात दिवाळीनंतर झाली. छप्पर नवीन, रंग नवीन. पुतण्याने ॲपवर सगळं भरलं आणि विचारलं, काका, सी व्ह्यूला टिक करू का, पाचशे जास्त मिळतात. मी म्हटलं कर. समुद्र दिसत होताच की. आणि लोक खुश, काय व्ह्यू आहे, काय सनसेट आहे, पडवीतले फोटो, रिव्ह्यूमध्ये पाच पाच स्टार. मामांना एकाने अंगणात विचारलं, आजोबा नशीबवान आहात हो, रोज हे बघता. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाडीत रोपं लावायला सुरुवात केली, वयाच्या सत्तरीत, आधी केळी, सावलीला, मग त्यांच्या आडोशाला पोफळी. मी म्हटलं मामा जरा कडेकडेने लावूया, मधून समुद्र दिसू दे. ते म्हणाले, "तुमचं ते पाचशे रुपयांचं मला समजलंय जावईबापू. पण पोफळीला ओळीत लावावं लागतं."

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेली गणपतीची मूर्ती गावात बसवली, संकष्टीला पुन्हा गाड्या दिसायला लागल्या. खोल्यांवर टॅक्स लागला, मग दर बदलले, ते सीए बघतो. जाता जाता सांगतो, मी धंदा सोडला आणि त्यानंतर जीएसटी येऊन करमणूक कर गेला, आणि जानेवारी 2018 पासून पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटीही माफ झाला. माझी तिकिटं कायम तीनशेची. असो.

अजूनही पुण्याहून फोन येतात, दादा एक सुपारी आहे, येतोस का, तूच पाहिजेस. गेल्या गणपतीत एक घेतली, खोटं बोलणार नाही. स्टेजमागे उभा राहिलो आणि सारखं मनात येत होतं की तीन नंबरच्या गीझरचं काय झालं.

मामांच्या पोफळी आता पडवीच्या वर गेल्यात. यंदा दोन झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, धरली, मामींनी हळदकुंकू लावलं. गेल्या महिन्यात ठाण्याचं एक कुटुंब आलं, बॅगा ठेवल्या, पडवीत उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्यांनी मोबाईलवर ॲपवर आम्हीच टाकलेला फोटो उघडून दाखवला की यात समुद्र दिसतोय, इथे तर नुसती झाडं आहेत. पाचशे परत केले. रात्री पुतण्याला फोन करून सी व्ह्यूची टिक काढायला लावली.